एक्केचाळीस कवी

मुंबईची टपालाची पिशवी दर गुरुवारी दुपारी दुबईत पोचायची. दुबईच्या देरा भागातल्या एका जहाज-एजन्सीच्या कचेरीत ती उघडून पत्रं वाटण्याचं काम मुश्ताक होडेकरकडे होतं. १९६४ सालच्या मे महिन्यातल्या एका गुरुवारी त्या पिशवीतून त्याच्याच नावाचं पाकीट निघालं. पाठवणारे होते त्याच्या जुन्या दैनिकाचे संपादक.

पत्र चार ओळींचं होतं. गीतकार खैरुद्दीन अजून हयात असून शारजात नातीकडे राहतो, असं कळलं आहे. त्याच्या कारकिर्दीवर रविवारच्या पुरवणीसाठी सविस्तर लेख हवा. जूनअखेर हातात पडला पाहिजे. चौथी ओळ मुश्ताकनं दोनदा वाचली : लेख तुमच्या नावानिशी छापू.

दुबईला येण्यापूर्वी मुश्ताक नऊ वर्षं त्या दैनिकाचा रत्नागिरीचा बातमीदार होता. रोज संध्याकाळी पोस्टात जायचं, मुंबईला ट्रंक कॉल लावायचा आणि बातमी एकेका वाक्यानं सांगायची. मग पलीकडच्याला ताडून बघता यावी म्हणून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचायची, आणि शेवटच्या पूर्णविरामानंतर आपलं नाव उच्चारायचं. नाव नाही सांगितलं तर बातमी कुणाची हे तिकडे कळत नसे. छापताना मात्र ते नाव न चुकता गाळलं जाई. नऊ वर्षांत तीन हजारांवर बातम्या दिल्या, नाव एकदाही आलं नाही. समुद्र ओलांडून सहा वर्षं झाली तरी ही गोष्ट त्याच्या मनातून गेली नव्हती.

घरी गेल्यावर त्यानं पत्र बायकोला वाचून दाखवलं.

“अहो, मोठ्या अक्षरात असेल का नाव?” मरियमबीनं विचारलं.

“तुला काय करायचंय? तू थोडीच कधी घेतेस ते?”

“या अल्ला! चांगल्या घरातली बाई नवऱ्याचं नाव घेते का?” ती म्हणाली, आणि हसू लपवत चुलीकडे वळली. लग्नात बायकांनी दारात अडवून धरलं होतं, तेव्हा उखाण्यात गुंफून तिनं ते एकदाच घेतलं होतं. त्याला आता अकरा वर्षं होत आली होती.

शुक्रवारी सुट्टी होती. मुश्ताक लँडरोव्हरमध्ये आणखी सहाजणांबरोबर दाटीवाटीनं बसून शारजाला गेला. रस्ता असा नव्हताच. ओहोटी लागलेली पाहून ड्रायव्हर किनाऱ्याच्या ओल्या वाळूवरून गाडी हाकत होता. खैरुद्दीनचं घर खाडीला लागून होतं. भिंती प्रवाळी दगडाच्या, अंगणात झापांचा मांडव, आणि समोर वाळूवर ओढून घेतलेल्या होड्या. सुतारांच्या हातोड्यांचा आवाज दिवसभर चालू असे. नातजावई विमानतळावर गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये खानसामा होता. दार नातीनं उघडलं. ती पंचविशीची होती, आणि पाहुणा आल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसला नाही.

“नाना, मुंबईचे पेपरवाले आलेत.”

“बसा पेपरवाले. पोरी, चहा ठेव.”

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा बाजेवर ताठ बसला होता. दाढी गुळगुळीत केलेली, लुंगी धुवट, नजर साफ. फक्त उजव्या हाताचा अंगठा स्थिर नव्हता. तो त्याच हाताच्या चार बोटांवरून एकामागून एक फिरत होता, पुन्हा पहिल्यावर येत होता. मात्रा मोजण्याची जुनी सवय असेल, असं मुश्ताकनं टिपून ठेवलं. खैरुद्दीननं चहा प्याला, दोन वेळा खाकरला, माशी हाकलली. तेवढ्या वेळात अंगठा एकदाही थांबला नाही.

मुश्ताकनं सालवार विचारत कारकीर्द लिहून घेतली. जन्म श्रीवर्धनजवळचा. १९०४ साली मुंबईला आला. तीन वर्षं एका नाटक कंपनीत पदं लिहिली. पुढं तबकड्या निघू लागल्यावर रेकॉर्ड कंपनीच्या बंगल्यावर रोजीनं काम धरलं.

“तीन मिनिटांची तबकडी,” खैरुद्दीन म्हणाला. “म्हणजे तीन कडवी. तिसऱ्यात कवीचं नाव गुंफायचं, ही तेव्हाची रीत. गाणारी बाई कर्ण्यापुढे उभी, तबला गाद्यांवर चढवलेला, आणि मी जिन्यात उभ्यानं लिहितोय. शिंप्याचं काम हो, बेटा. माप द्या, कापून देतो.”

“किती लिहिलीत?”

“तीनशेवर. सगळी मेली. चालली ती एक्केचाळीस.”

ती एक्केचाळीस त्यानं एकापाठोपाठ एक सांगितली. मुश्ताक लिहीत गेला, आणि विसाव्या गाण्याच्या आसपास त्याची पेन्सिल थबकली. ही गाणी त्यानं लहानपणी ऐकली होती. प्रत्येकाच्या शेवटच्या कडव्यात वेगळं नाव होतं. कंपनीच्या सूचिपत्रातही हे एक्केचाळीस निरनिराळे कवी म्हणूनच छापले गेले होते.

“चाचा, म्हणजे हे एक्केचाळीस कवी...”

“मीच.”

मुश्ताकनं वहीत त्या शब्दाभोवती चौकट आखली. असली बातमी पुरवणीच्या पहिल्या पानावर जाते.

“मग ही नावं आणली कुठून?”

“माणसांची होती.” म्हातारा दाराबाहेरच्या खाडीकडे बघत होता. “बाकीची गाणी लिहून झाली की संपायची. ही एक्केचाळीस संपत नसत. डोक्यात फिरत राहायची. खाताना, चालताना. मग कुणीतरी भेटायचं, आपलं नाव सांगायचं. ते नाव शेवटच्या जागी घातलं की खलास, शांत. एक गोदीतला तांडेल होता. एक चष्मे विकणारा. एक शेजारचा शिंपी.”

“त्यांनी हरकत नाही घेतली?”

“नाही,” खैरुद्दीन म्हणाला. “कुणीच नाही.”

बातमीदाराच्या शिस्तीनं मुश्ताकनं दुसऱ्याच दिवशी मुंबईला जहूरला पत्र लिहिलं. जहूर त्याचा जुना दोस्त, त्याच दैनिकात अजून बातमीदार. सोबत एक्केचाळीस नावं आणि म्हाताऱ्याला आठवलेले पत्ते होते. एवढी माणसं खरोखर होऊन गेली का, इतकंच ताडून बघायचं होतं.

उत्तर यायला तीन आठवडे लागले.

“मुश्ताकमियां,” जहूरनं लिहिलं होतं, “म्हातारा थापा मारत नाही. माणसं होती. सात घरं मला सापडली. आता पुढचं नीट वाच. चष्मेवाल्याचा मुलगा साठीचा आहे. बाप किती उंच होता, कुठल्या पायानं लंगडायचा, खोकला कसा होता, सगळं सांगितलं. नाव विचारलं तर म्हणाला, आम्ही अब्बा म्हणायचो. आणि आठवत बसला. शिंप्याची म्हातारी बायको जिवंत आहे. ती हसली, म्हणाली, नवऱ्याचं नाव बायको घेते का रे? म्हणून मी मुलींना विचारलं. त्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तांडेलाच्या कबरीवर दगड आहे, गुळगुळीत, वर अक्षर नाही. नातू शपथेवर सांगतो की अक्षरं होती. शेवटी मी तुझ्या यादीतलं नाव वाचून दाखवायला लागलो. सातही घरांत वाचलं. सातही घरांत एकच प्रश्न आला : हा कोण? तुमच्या तिकडच्या बोलीत सांगायचं तर यल्ला, लवकर लेख संपव. मला हे काम आवडलेलं नाही.”

मुश्ताकनं पत्र टेबलावर ठेवलं. खिडकीबाहेर खाडीतल्या अब्रा होड्या माणसं भरून पलीकडच्या काठाला निघाल्या होत्या. पन्नास वर्षं हा मोठा काळ आहे, माणसं विसरतात, असं त्यानं समासात लिहिलं. दुसरं कारण लिहिण्यासाठी त्यानं ‘दोन’ हा आकडा घातला. मग तो खोडून टाकला.

जूनच्या मधल्या शुक्रवारी तो पुन्हा शारजाला गेला. हवा दमट होती आणि शर्ट पाठीला चिकटत होता. दुपारचे चार वाजले होते. त्यानं कडी वाजवण्याआधीच नात बाहेर आली आणि तिनं दार मागे ओढून घेतलं.

“भाईजान, नानांना तुमचं नाव सांगितलंत का?”

“होडेकर म्हणून सांगितलं.”

“तुमचं स्वतःचं?”

मुश्ताकनं आठवून पाहिलं. “नाही. तशी वेळच आली नाही.”

“मग सांगू नका.” ती अगदी हळू बोलत होती. “माझं नाव शहरबानू. पण ते या घरात कुणी उच्चारत नाही. नानांना मी पोरी, माझा नवरा जमाई. माझ्या आईनं मरताना बजावून ठेवलंय.”

“पण का?”

“माझी नानी कुठल्या गावची, कालवणात कोकम किती टाकायची, कुठल्या कुशीवर झोपायची, हे सगळं मला आईनं सांगितलंय. पण तिचं नाव...” शहरबानूनं दाराकडे मान वळवली. “लवकर आटपा, इन्शाल्ला.”

खोलीत उकाडा होता. खैरुद्दीन त्याच बाजेवर, त्याच ताठपणे बसला होता. महिन्याभरात तो सुकला होता. अंगठा मात्र फिरत होता, पहिल्यापेक्षा जलद.

मुश्ताकनं वही उघडली. “चाचा, एक्केचाळिसावं नाव बाईचं आहे. कुणाचं होतं ते?”

“म्हणतात, माझ्या बायकोचं. पस्तीस सालची गोष्ट. निकाहनाम्यात तेच नाव आहे, मी काढून बघतो कधीकधी.” म्हाताऱ्याच्या आवाजात दुःख नव्हतं, फक्त थकवा होता. “कुणी बाई असावी. चांगली असावी. त्यानंतर मी कंपनी सोडली. मुलीला घेऊन इकडे आलो. इथं माझी भाषा बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून आलो.”

“आणि लिहिणं?”

“लिहिणं सुटलं. पण त्याच वर्षी एक गाणं येऊन बसलंय. एकोणतीस वर्षं झाली. एक रात्र धड झोपू दिलं नाही त्यानं.”

मुश्ताकनं उठायला हवं होतं. लेखाला लागणारं सगळं त्याच्या वहीत होतं. पण खैरुद्दीनचं बेचाळिसावं, कुणीही न ऐकलेलं गाणं समोर होतं, आणि ते दुसऱ्या कुठल्याच पेपरकडे नव्हतं.

“म्हणून दाखवाल?” त्यानं विचारलं. “नाव वगैरे राहू दे. तिथं मी फक्त रेघ मारतो.”

खैरुद्दीननं त्याच्याकडे पाहिलं. “मी मागितलं नव्हतं,” तो म्हणाला. “एवढं लक्षात असू दे.”

मग तो सांगू लागला. गात नव्हता, नुसत्या ओळी सांगत होता.

*गलबत गेले, शीड बुडाले, दिवा उरे हा काठी*
*कुणी न आले, कुणी न गेले, पाऊल उमटे पाठी*

मुश्ताक लिहून घेत होता. दुसऱ्या कडव्याला त्याच्या ध्यानात आलं की बाहेर होडीवर पडणारा हातोडा म्हाताऱ्याच्या अंगठ्याबरोबर पडतोय. त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. अंगणात शहरबानू भांडी घासत होती. तिचा राखेचा हातही त्याच लयीत फिरत होता. तिचा हात थांबला की हातोडाही थांबत होता, आणि दोन्ही मिळून पुन्हा सुरू होत होते. मग मुश्ताकनं आपल्या पेन्सिलीकडे बघितलं. ती ओळ पुरी झाल्यावरही कागदावर ठिपके मारत होती. चार, आणि पुन्हा चार.

त्यानं पेन्सिल घट्ट धरली. ठोके आता मनगटात लागत होते.

तिसरं कडवं आलं. शेवटच्या ओळीतली शेवटची जागा मोकळी होती. खैरुद्दीन तिथपर्यंत आला आणि गप्प बसला. अंगठा चार बोटांवरून रिकामा फिरला. हातोडा चारदा पडला.

मुश्ताकनं तिथं ठरल्याप्रमाणे रेघ मारली.

झालं होतं. आता फक्त ताडून बघायचं बाकी होतं. एकेक शब्द बरोबर उतरलाय ना, एवढंच. त्यानं वही डोळ्यांसमोर धरली आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. सावकाश, स्पष्ट, पलीकडच्याला लिहून घेता येईल अशा बेतानं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. त्याचा आवाज त्याला दुरून येतोयसा वाटत होता, पोस्टातल्या ट्रंक कॉलच्या लाकडी खोक्यातून यावा तसा. तिसरं. शेवटची ओळ. रेघ.

“पूर्णविराम,” तो म्हणाला. “मुश्ताक होडेकर.”

हातोडा थांबला.

भांडी थांबली.

खैरुद्दीनचा अंगठा करंगळीवर टेकला होता. तो तिथंच राहिला. म्हाताऱ्यानं आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो पहिल्यांदाच पाहत होता. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“झालं,” तो म्हणाला. “झालं रे बाबा.” आणि बाजेवर आडवा होऊन, भिंतीकडे तोंड करून, श्वास दोनदा आत-बाहेर होतोय तोवर झोपी गेला.

दारात शहरबानू उभी होती. राखेनं भरलेले हात तिनं तोंडावर धरले होते. तिनं त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“भाईजान,” ती शेवटी म्हणाली, “घरी जा. आत्ताच्या आत्ता जा.”

परतीच्या गाडीत तो दोन बलुची हमालांच्या मध्ये बसला होता. ओठांतल्या ओठांत तो बापाचं नाव बोलून बघत होता. ते आलं. आजोबांचं आलं. आडनाव आलं. शाळेच्या हजेरीत मास्तर चौदावा आकडा पुकारायचे, त्याच्यापुढे काहीतरी म्हणायचे, आणि तो उभा राहायचा. वर्ग आठवला, मास्तरांचं उपरणं आठवलं, आपण उभं राहिल्याचं आठवलं. मधली जागा तेवढी गुळगुळीत होती.

उन्हाचा परिणाम असणार, असं त्यानं स्वतःला सांगितलं. त्याचे दात एकमेकांवर आपटत होते.

कचेरीत त्याला होडेकर म्हणत. गल्लीत पेपरवाले म्हणत. दुबईत त्याला पहिल्या नावानं पुकारणारं कोण होतं, हे तो देऱ्यापर्यंत आठवत राहिला. कुणीच नव्हतं. नाव माहीत असलेलं एकच माणूस होतं, मरियमबी, आणि ती ते उच्चारत नव्हती.

घरी पोचला तेव्हा मगरिबच्या नमाजाला अवकाश होता. मरियमबी कणीक मळत होती.

“माझं नाव घे,” तो दारातूनच म्हणाला.

ती हसली. “कसलं खूळ हे? ऊन लागलं वाटतं.”

“मरियम, हसू नकोस. एकदा घे.”

त्याचा चेहरा पाहून तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. तिनं पिठाचे हात पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि लग्नातला उखाणा सुरू केला. चांदीच्या ताटाची ओळ तिनं म्हटली. मोगऱ्याच्या कळ्यांची म्हटली. तिसऱ्या ओळीला तिचे गाल लाल झाले, अकरा वर्षांपूर्वी झाले होते तसे. मग ती नावापाशी आली.

आणि थांबली.

तो वाट बघत राहिला. तिला लाज वाटत असेल. त्यानं मनात चारपर्यंत मोजलं.

“लाजतेस का?”

“नाही,” मरियमबी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “अहो, जरा तुम्हीच सांगा ना. मी मागून म्हणते.”

त्यानं ट्रंक उघडली. कपड्यांखालून पासपोर्ट काढला, पहिलं पान उघडून उजेडात धरलं. टंकलिखित अक्षरं स्वच्छ होती. त्यानं ती एकेक करून लावली, आणि मग सगळं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं.

मरियमबीनं लक्ष देऊन ऐकलं.

“चांगलं आहे,” ती म्हणाली. “कुणाचं?”

तो विचारात पडला. नाव अगदीच अनोळखी नव्हतं. त्यानं ते कुठेतरी ऐकलं होतं. आजच, एका गाण्याच्या शेवटी.

“कवी असावा कुणीतरी,” तो म्हणाला.

ते म्हणाल्याबरोबर त्याला बरं वाटलं. दातांची थडथड थांबली. तो टेबलाशी बसला, कारण गुरुवारच्या टपालानं लेख जायला हवा होता. एक्केचाळीस नावांची यादी त्यानं पुढ्यात ओढली, शेवटच्या नावाखाली बेचाळिसावं लिहिलं आणि अक्षरं पासपोर्टशी ताडून बघितली. मग आधीच लिहून ठेवलेल्या लेखाच्या मथळ्यातला आकडा खोडून दुरुस्त केला. मजकुरात तो आणखी चार ठिकाणी होता. तीन लगेच मिळाले. चौथा शोधायला थोडा वेळ लागला.

मरियमबी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. “बेचाळीस झाले?”

“हो,” तो म्हणाला. “एक राहूनच गेला होता.” आणि शाई वाळावी म्हणून त्यानं कागदावर हळूच फुंकर घातली.